पडदा सरकला तेव्हा

उत्तरायणाला चार दिवस होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी दाढी करताना उजव्या डोळ्यात खालून काळी सावली चढताना दिसली. आठवडाभर चमका येत होत्या, काळे ठिपके तरंगत होते. थकवा असेल म्हणून मी गप्प बसलो, ही माझी मोठी चूक. चष्म्याचा नंबर लहानपणापासून वाढत उणे १४ वर गेला होता. दरवर्षी दुकानात काच बदलून मिळायची; बाहुली मोठी करून आतला पडदा (रेटिना) कुणी पाहिलाच नव्हता.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "पडदा वरून सुटलाय. वाचण्याचा मधला भाग अजून चिकटलेला आहे, तो जायच्या आत ऑपरेशन करू. तोवर उताणे पडून राहा." भिंगही वर सरकलेलं निघालं. माझ्या उंचीकडे बघत ते म्हणाले, "अंगठा मुठीत धरा बरं." अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर आलं. मार्फान सिंड्रोम.

फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचा हा जन्मजात दोष. भिंगाला बांधून ठेवणारे धागे त्याचेच, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीतही तेच. म्हणून डोळ्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. महाधमनी मुळाशी ४२ मिलिमीटर, म्हणजे थोडी फुगलेली. बीपीची गोळी सुरू झाली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच कळवलं गेलं. इको न करता टेबलावर गेलो असतो तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

भिंग काढलं, आतला जेलीसारखा द्रव काढला, फाटलेल्या जागेभोवती लेझर मारून सिलिकॉन तेल भरलं. तेल वर तरंगतं. पालथं झोपलं की ते मागच्या पडद्याला टेकतं. त्यामुळे पाच दिवस पालथा. मान अवघडून गेली. चार महिन्यांनी तेल काढलं, पडदा टिकलाय.

संक्रांतीच्या दिवशी गच्चीवरून "काप्यो छे!" ऐकू येत होतं. मी टेबलावर कपाळ टेकून बसलेलो, माझी नऊ वर्षांची लेक पतंग सोडून खाली फरशीवर माझ्या नजरेसमोर तिळाची वडी खात बसली. "बाबा, डॉक्टरांनी कशी मूठ करायला लावली?" मी सांगितलं. तिने मूठ मिटली. करंगळीपलीकडे तिचा चिकट अंगठा बाहेर आला.

पुढच्याच आठवड्यात तिला नेलं. भिंग किंचित सरकलेलं आहे, पडदा शाबूत. इको सध्या ठीक, दरवर्षी करायचा.