बार्टनचा फिरता जलसेतू: पन्हळ पाण्यासकट वळली

मंडळी, बार्टनच्या फिरत्या जलसेतूची छोटी पितळी प्रतिकृती मी घरी बनवतोय. मागच्या वेळी तिची पन्हळ झाळून झाली होती. या पंधरवड्यात ती भरलेली असताना फिरली. पूर्ण ९० अंश, आणि पडवीत पाणी सांडलं ते फक्त एका टोकाने.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. मँचेस्टरजवळ बार्टनला ब्रिजवॉटर कालवा दुसऱ्या, जहाजांच्या कालव्यावरून जातो. पाण्यावरून पाणी. तिथला पहिला सेतू जेम्स ब्रिंडली या अभियंत्याचा, १७६१ सालचा. दगडी कमानींचा, इरवेल नदीवरचा. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा त्यावरून नावांनी (होड्यांनी) मँचेस्टरला जायचा. पुढे इरवेललाच खोल-रुंद करून जहाजं आत आणायचं ठरलं, तेव्हा त्या कमानी आड आल्या. एडवर्ड लीडर विल्यम्स या अभियंत्याने शेजारी लोखंडी पन्हळ उभारली, मधल्या बेटावर फिरणारी, आणि जुना सेतू पाडला. १८९४ पासून जहाज आलं की ती आतल्या पाण्यासकट बाजूला वळते.

आमच्या गुहागरच्या वाडीत पोफळीच्या पन्हळी होत्या. पन्हळ दुसऱ्या आळ्याकडे वळवायची तर आधी पाणी तोडायचं, भरलेली पन्हळ कुणी हलवत नसे. म्हणून बार्टनचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो बाजूला ठेवू शकलो नाही.

आता हिशेब. भरलेल्या पन्हळीचं वजन सुमारे १,४५० टन, त्यातलं पाणीच सुमारे ८०० टन. माझं प्रमाण १:१००, म्हणजे वजन दहा लाखांनी कमी. टनांचे सरळ ग्रॅम होतात! ८०० मिलि पाणी मोजून ओतलं. पितळ मात्र ९१० ग्रॅम भरलं, म्हणजे हवं त्याहून २६० ग्रॅम जास्त. कैच्यांना (पन्हळीच्या बाजूच्या तिरक्या पट्ट्यांच्या चौकटींना) पट्टी जाड वापरली, ती बदलणार. मूळ सेतूखाली तो फिरावा म्हणून ६४ रूळ (रोलर) आहेत. मी सायकलच्या हँडलची कटोरी आणि छर्रे घेतले. फिरणं इतकं हलकं झालं की एका बोटाने पुरतं.

खरी मेहनत टोकांना. पन्हळीला दोन आणि दोन्ही काठांना एकेक, अशी चार दारं. आपल्या खारबंदिस्तीच्या उघाडीसारखी (खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दारासारखी), फक्त इथे ती चारही बंद झाल्यावर जोडाच्या दोन दारांमधलं थोडं पाणी काढायचं, जोड सोडवायचा आणि मगच पन्हळ हलवायची. मुळात या जोडात रबर लावलेली पाचर आहे. मी आधी एम-सील लावून पाहिलं, ते दोन फेऱ्यांत तडकलं. सायकलच्या ट्यूबची तिरकी कापलेली पट्टी पूर्वेच्या टोकाला घट्ट बसली. पश्चिमेला पन्हळ केसभर वाकडी झाळली आहे, तिथून मिनिटाला चारेक थेंब येतात.

एक प्रयोग जरूर करून बघा. दारं उघडी ठेवून पन्हळीत ३० ग्रॅमची नाव आणली, तर तेवढंच पाणी काठाच्या टाकीत सरकतं आणि पन्हळीखालचा वजनकाटा जागचा हलत नाही. नाव असो वा नसो, पन्हळ ज्या खुंटीवर फिरते तिच्यावरचा भार तोच. ब्रिंडलीच्या कमानींनाही हाच फायदा होता. पाण्याचं वजन पेललं की नावांची वेगळी चिंता नाही.

पश्चिमेचं टोक उद्या सोडवून पुन्हा झाळतो. ओल्या पितळावर झाळ नीट धरत नाही, म्हणून पाऊस उघडल्यावर दुपारीच बसेन.