केबल न उपसता चार्जर बदलायचा: माझा अनुभव

एक भिंतीचा चार्जर, एक पॉवर बँक, एक लॅपटॉप. सारखी काढघाल नको, म्हणून बटण दाबलं की चार्जर बदलणारा छोटा बोर्ड करायला घेतला.

रिले (विजेने चालणारा स्विच) लावून व्हीबसची, म्हणजे वीज नेणारी, तार इकडून तिकडे फिरवावी हे कुणालाही सुचेल. पण यूएसबी टाइप-सीमध्ये त्या तारेवर मुळात वीज नसते. चार्जर सीसी नावाच्या बारीक तारेवर चाहूल घेत असतो. पलीकडे ५.१ किलोओहमचा रोध दिसला की ५ व्होल्ट सोडतो आणि मग त्याच तारेवर बोलणी होऊन २० व्होल्टपर्यंत चढतो. नुसती वीज वळवली आणि पुढे लॅपटॉपऐवजी ५ व्होल्टचं उपकरण असलं, तर लॅपटॉपसाठी ठरलेले २० व्होल्ट थेट त्याच्यावर आदळतील.

म्हणून माझा बोर्ड आधी सीसी तोडतो. चार्जरला वाटतं केबल काढली आणि तो स्वतःहून वीज बंद करतो. मानकाप्रमाणे ६५० मिलिसेकंदांत व्हीबस ०.८ व्होल्टच्या खाली यायला हवा. तेवढा वेळ डोळे झाकून थांबण्यापेक्षा मी व्होल्टेज मोजतो. ते उतरलं की जुन्या चार्जरचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) बंद, नव्याचे चालू आणि सर्वांत शेवटी नव्याची सीसी जोडायची. मॉस्फेट पालटतात तेव्हा त्यांतून प्रवाहच नसतो, त्यामुळे ते तापत नाहीत. मात्र प्रत्येक चार्जरला दोन मॉस्फेट पाठीला पाठ लावून हवेत. एकट्या मॉस्फेटच्या अंगातल्या डायोडमधून (एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागातून) वीज बंद चार्जरमध्ये उलटी शिरते. माझ्या जोडीचा रोध २० मिलिओहम, म्हणजे ३ अँपिअरला जेमतेम ६० मिलिव्होल्टची घट.

खरा वेळ खाल्ला तो सीसीने. केबल कशीही घाला, चालते. पण आत सीसीची तार एकच, आणि ती सॉकेटच्या सीसी१ वर येईल की सीसी२ वर हे केबलच्या बाजूवर ठरतं. दोन्ही पिना एकत्र जोडून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं केलं की ई-मार्कर, म्हणजे केबलची क्षमता सांगणारी चिप, असलेल्या केबलमधला साधारण १ किलोओहमचा रोध मध्ये येतो आणि चार्जर वीज देतच नाही. २०१९ च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या बोर्डांत असंच झालं होतं. मी दोन्ही पिनांवरचं व्होल्टेज मोजतो. जिच्यावर चार्जरचं व्होल्टेज दिसेल तीच अॅनालॉग स्विचमधून पुढे जाते. लॅपटॉपकडची केबल बोर्डालाच डाखली आहे, त्यामुळे तिकडे हा प्रश्न उरला नाही. चार्जरकडे मुद्दाम ई-मार्कर नसलेल्या केबली ठेवल्या: चार्जर ३ अँपिअरच्या वर जात नाही, म्हणजे कमाल ६० वॅट. मला पुष्कळ झाले.

पॉवर बँकेची तऱ्हा वेगळी. ती देतेही आणि घेतेही, लॅपटॉपही तसाच. मग कोण कुणाला भरवणार हे कधीकधी नशिबावर. एकदा लॅपटॉपच पॉवर बँक भरायला लागला! आता शंटवर (प्रवाह मोजायच्या छोट्या रोधावर) प्रवाहाची दिशा बघतो, उलटी असेल तर सीसी तोडून पुन्हा जोडतो. सहसा लवकरच सरळ होतं.

मधल्या क्षणभराच्या खंडाचं लॅपटॉपला काही वाटत नाही, त्याची स्वतःची बॅटरी असते. बॅटरी नसलेलं उपकरण मात्र प्रत्येक बदलाला बंद पडून पुन्हा सुरू होतं, त्यामुळे तसलं काही मी या बोर्डाला लावत नाही.