बकिंगहॅमशायरमधला हिमालय

पुण्यात कॉलेजात असताना 'ब्लॅक नार्सिसस' हा १९४७चा सिनेमा पाहिला होता. हिमालयातला नन्सचा मठ, मागे बर्फाची शिखरं, कड्याच्या अगदी टोकाला टांगलेली घंटा. हे सगळं आपल्याकडेच कुठेतरी चित्रित केलंय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लंडनच्या पश्चिमेला राहायला आल्यावर कळलं, तो कडा माझ्या घरापासून वीस मिनिटांवर उभा केला होता.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न नेमकं तिथेच निघालं. बकिंगहॅमशायरमधलं आयव्हर हीथ गाव, पाइनवूड या सिनेमाच्या स्टुडिओचं आवार आणि आत हेदरडन हॉल ही व्हिक्टोरियन काळातली कोठी. ग्रँट मॉर्डन नावाच्या कॅनडाच्या धनिकाने ती घेतली. तो इथल्या संसदेतही होता. नाचाचं दालन, तुर्की हमामखाना, सगळी हौस त्याने करून घेतली. १९३२ मध्ये तो वारला, इस्टेट लिलावात निघाली आणि चार्ल्स बूट या बांधकाम व्यावसायिकाने घेतली. पिठाच्या गिरण्यांच्या घराण्यातला जे. आर्थर रँक भागीदार झाला आणि ३० सप्टेंबर १९३६ रोजी स्टुडिओ सुरू झाला. आवारात पाइनची झाडं भरपूर, शिवाय 'वूड' म्हटलं की हॉलिवूड आठवतंच, म्हणून पाइनवूड.

बूटने कोठी पाडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. उलट १९३५ मध्ये 'मॉरेटेनिया' ही जुनी आगबोट मोडीत निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या वर्गाच्या वाचन-लेखन दालनातलं लाकूडकाम विकत घेऊन त्याने इथे बसवलं. त्या लाकडावरून मी हात फिरवला. अटलांटिकवरच्या लाटा पाहिलेलं लाकूड, आणि शेजारी लग्नाचा केक!

युद्धात इथे लष्कराची फिल्म युनिट्स होती. 'ब्लॅक नार्सिसस' त्यानंतरचा. दिग्दर्शक मायकेल पॉवेलने भारतात न येता जवळजवळ सगळं इथेच करायचं ठरवलं. डोंगरांचे कृष्णधवल फोटो प्रचंड मोठे करून त्यांवर रंगीत खडूंनी रंग भरले. घंटेखालची ती खोल दरी म्हणजे चक्क रंगवलेलं चित्र! कलादिग्दर्शन आणि छायाचित्रण, दोन्हींना ऑस्कर मिळालं.

पुढे घरोघरी टीव्ही आला. लोकांना थिएटरात आणायचं तर पडदा रुंद हवा, पण चित्र फुटता कामा नये. हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने १९५४ मध्ये आणलेलं व्हिस्टाव्हिजन हे चित्रीकरणाचं तंत्र रँकच्या कंपनीने पाइनवूडमध्ये वापरलं. साध्या कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म वरून खाली सरकते, एका चौकटीला फिल्मच्या कडेची चार छिद्रं. इथे तीच फिल्म आडवी धावते, चौकट आठ छिद्रांची. निगेटिव्ह दुपटीहून मोठी, म्हणून पडद्यावर चित्र लख्ख. 'ब्लॅक नार्सिसस'च्याच पॉवेल आणि त्याचा जोडीदार एमरिक प्रेसबर्गर यांचा 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' (१९५६) असा बनला.

त्याहून भव्य स्वप्न होतं 'क्लिओपात्रा'चं, ६५ मिमी निगेटिव्हच्या टॉड-एओ पद्धतीत. १९६० मध्ये या आवारात अख्खं अलेक्झांड्रिया उभं राहिलं. इजिप्तचं ऊन दाखवायचं आणि वर इंग्लंडचं शरद ऋतूतलं आभाळ! त्यात नायिका एलिझाबेथ टेलर गंभीर आजारी पडली. दिग्दर्शक बदलला, काम रोमला गेलं. इथे पडून राहिलेले सेट आणि कपडे १९६४ मध्ये 'कॅरी ऑन क्लिओ' या विनोदी सिनेमाने वापरले. कुणाच्या तरी हातचं काम वाया गेलं नाही, हे वाचून मला खरंच बरं वाटलं होतं.

जेवणं झाल्यावर मी मागच्या बागेत गेले. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जेम्स बाँडच्या सिनेमाच्या सुरुवातीचा रात्रीचा पाठलाग याच बागेतला. पाऊस भुरभुरत होता, साडीचा काठ भिजला. कडा कुठे होता ते शोधत मी कुंपणापर्यंत गेले. पलीकडे सपाट जमीन आणि चित्रीकरणाच्या स्टेजच्या उंच, बिनखिडक्यांच्या भिंती. आत कुठेतरी हातोडी चालू होती.