अंधार पडल्यावर खुराड्यात

भरदुपारी न्हाणीघरामागच्या राखेत कोंबडी आडवी पडलेली दिसली की नवख्या माणसाला वाटतं, गेली. एक तंगडी लांब, एक पंख वर, मान वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले. जवळ जावं तर ती उठून अंग झाडते आणि राखेचा लोट बघणाऱ्याच्या तोंडावर. ही तिची आंघोळ.

घरोघरी गॅस आला तशी राख महाग झाली. उरली ती आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीची, तीही निम्मी परसातल्या वांग्यांना जाते. म्हणून मिरगाआधी एक डबा राख चाळून माळ्यावर टाकलेली बरी. पुढचे तीन-चार महिने अंगणात कोरडी माती मिळत नाही. राख मात्र खडखडीत हवी. ओली झाली की कातडी पोळते.

राखेनं उवा आटोक्यात राहतात. उवा चोवीस तास कोंबडीच्या अंगावरच. शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली तर बुडाशी साबुदाणा चिकटल्यासारखे अंड्यांचे पांढरे गठ्ठे दिसतात. पिसवांचं तसं नाही. खरं तर ह्या गोचिडीच्या गोतातल्या, आठ पायांच्या, उडी न मारणाऱ्या. पण चावणाऱ्या बारीक जिवाला सरसकट पिसू म्हणायचं, असा आपला रिवाज. दिवसा त्या अंगावर सापडायच्याच नाहीत. बसायच्या दांडीच्या टोकाशी, फळीच्या सांध्यात, टोपलीच्या विणीत दडून असतात आणि काळोख झाला की वर चढतात.

आणि काळोखात कोंबडीला फारसं दिसत नाही. दिवसा हीच बाई नारळाच्या सोडणांचा ढीग उकरून वाळवी फस्त करते, गोम दोनदा आपटून गिळते, मोरीतून बाहेर पडलेल्या झुरळामागे पडवीभर धावते. (झुरळांना औषध घातलेलं असेल तर तिला त्या दिवशी डालग्याखाली कोंडावं, उताणं पडलेलं झुरळ ती आधी टिपते.) पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटून दिव्याभोवती झुंबड उडते, तेव्हा मात्र ही कधीच दांडीवर जाऊन बसलेली. सकाळी पडवीत गळलेले पंख आणि चार-दोन सरपटणारे जीव, एवढंच तिच्या वाट्याला.

सगळ्यात हाल खुडूक कोंबडीचे. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली की 21 दिवस ती जागची हलत नाही. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, राखेत लोळायला फुरसत कुठली! ऊबदार टोपली, हलायला तयार नसलेली कोंबडी, पिसवांना आणखी काय हवं? दहा-बारा दिवसांत तुरा फिका पडतो आणि एका सकाळी अंडी गार पडलेली, कोंबडी बाहेर. लोक म्हणतात, हिला बसायचं वळण नाही. आधी टोपली बघा ना. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जावं, दांडीच्या टोकाशी पांढरं फडकं दाबून फिरवावं. राखाडी भुकटी चिकटली तर पिसवा उपाशी, तांबडे डाग उमटले तर जेवलेल्या.

उपाय कोंबडीवर नाही, घरावर करायचा. दुसरी टोपली घ्यावी, तळाला दोन बोटं राख, वर कोरडा पेंढा, त्यात निरगुडीचा पाला चुरडून. अंडी आणि कोंबडी काळोखातच हलवावी, तेव्हा ती चोचीनं फाडून खात नाही. जुना पेंढा लगेच जाळावा. जुन्या टोपलीवर आणि खुराड्याच्या सांध्यांत उकळतं पाणी, सुकल्यावर दांडीच्या टोकांना करंजेल. सात-आठ दिवसांनी सगळं परत, कारण अंड्यांतून नवी पिलावळ तेवढ्यात बाहेर पडलेली असते. हा दुसरा हात लोक हमखास टाळतात आणि मग निरगुडीला नावं ठेवतात. रिकामं खुराडं महिनाभर बंद ठेवूनही भागत नाही. पिसवा कित्येक महिने उपाशी तग धरतात.

टोपली पडवीत माणसांच्या बिछान्याशेजारी ठेवली असेल तर चार दिवसांत घरभर खाजवाखाजव. माणसाच्या रक्तावर त्यांचा संसार चालत नाही, पण चव घेऊन बघायला काय जातं!

दिवेलागणीला कोंबड्या आपापल्या परत येतात. दांडीवर जागेवरून थोडी चोचाचोची होते, मग सगळ्या गप्प. तुरे तांबडे आहेत अजून.