मोडीचा चौदावा महिना: सुरसन पाठ झाला

मंडळी, मोडी लिपीतल्या जुन्या पत्रांवर साल सुरसन या कालगणनेत, अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेलं असतं. मागच्या नोंदीत या आकड्यांनी मला कसं रडवलंय ते लिहिलं होतं. काल रात्री कागद न बघता इहिदे, इसन्ने, सल्लास (एक, दोन, तीन) पासून थेट तिसैनपर्यंत (नव्वद) म्हटले आणि एकदाही अडले नाही. 'इसन्ने सितैन मया व अलफ' दिसलं की आता बोटं मोजावी लागत नाहीत. दोन, साठ, शंभर, हजार. म्हणजे ११६२, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६१. सुरसन मृग नक्षत्रापासून बदलतो, म्हणून पत्र जानेवारी ते मृग यांच्या मधलं असेल तर ६०० मिळवायचे. नवीन मंडळी इथेच चुकतात, मीही दोन महिने चुकत होते.

वय ६७. मोडी शिकायला घेतली ती इतिहासाच्या ओढीने, पण खरं कारण आई. शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंशामुळे ती मला 'ताई' म्हणायची, आपली थोरली बहीण समजून. ती गेल्यावर मला चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही तरी छातीत धस्स व्हायचं. मोडी शिकल्याने तो आजार टळतो असा माझा दावा नाही. पण रोज नवीन काही अवघड शिकणं मेंदूला मानवतं, आणि शब्दकोड्यापेक्षा मला यात जास्त जीव वाटतो. कोडं सुटलं की संपतं, इथे कागदापलीकडे माणूस असतो.

आता पाठांतराबद्दल, कारण तुमच्यापैकी तिघांनी विचारलंय. पहिले सहा महिने मी तक्ता समोर ठेवून रोज वीस वेळा वाचायचे. त्या क्षणी सगळं येतंय असं वाटायचं, चार दिवसांनी पाटी कोरी. २००६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. माझ्या वहीतही अगदी हेच झालं. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते केले. एका बाजूला 'खमसैन', दुसरीकडे ५०. आधी आठवायचं, मगच उलटायचं. आलं तर तो पत्ता तीन दिवसांनी, पुन्हा आलं तर आठवड्याने, मग पंधरवड्याने. नाही आलं तर उद्या. आठवायला जो त्रास होतो ना, तो टाळू नका. मी आधी अर्ध्या मिनिटात पत्ता उलटून मोकळी व्हायचे, आता पूर्ण थांबते. एकदा 'समानीन' (८०) भाजी निवडताना आठवलं, पत्ता बाजूला ठेवल्यानंतर वीस मिनिटांनी!

पत्त्यांची वेळ रात्री जेवणानंतर, झोपायच्या आधी. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून जागरण करून पान संपवणं मी सोडलं. सकाळी उठल्यावर चहाआधी फक्त पाच पत्ते. मग टेकडीवर चाळीस मिनिटं चालणं आणि आल्यावर रक्तदाब मोजून वहीत. रक्तदाबाची गोळी चुकवत नाही.

सर्वात मोठा धडा मात्र कानाचा. शनिवारच्या वाचन गटात मी मागे पडत होते. कुणी 'मशारनिल्हे' (वर उल्लेख केलेले) म्हटलं की मला काहीतरी वेगळंच ऐकू यायचं, आणि पुढच्या वेळी तो शब्द आठवायचा नाही. मला वाटलं, झालं, आईसारखंच सुरू झालं. दोन महिने कुणाला सांगितलं नाही, एकटीच घाबरले. शेवटी मुलीने कानाची तपासणी करायला नेलं. दोन्ही कानांत उंच सूर कमी ऐकू येत होते. शब्द आत नीट पोचतच नव्हता, तर राहणार कुठे? यंत्र लावल्यापासून सात महिने झाले. पहिला महिना भांड्यांचा आवाजही सहन होईना, पण काढून ठेवलं नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत कमी ऐकू येणं आहे, रक्तदाब आहे, एकटेपणा आहे. या सगळ्या गोष्टी सांभाळल्या तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. गटातल्या साठीपुढच्या प्रत्येकाने कान तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगते. बदलता येतं ते आधी बदलू या.

आणखी एक. श्रावणात सर्दी झाली, दुकानातून आणलेली झोप आणणारी गोळी चार दिवस घेतली. त्या चार दिवसांत रोजचे सोपे पत्तेही चुकले. डॉक्टरांनी सांगितलं, अशा काही गोळ्यांनी वयस्कांना गोंधळल्यासारखं होतं, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. बंद केल्यावर आठवड्यात गाडी रुळावर.

लेखनाची प्रगती थोडक्यात. आधी पूर्ण ओळीची रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवायची, ही सवय हाताला लागली. टाकाने लिहिते, बोरू अजून जमत नाही. 'र' मागच्यापुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, तो अजून फसवतो. शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नसतं, त्यामुळे अर्थ धरूनच वाचावं लागतं. पेशवेकालीन पत्राचं एक पान पहिल्यांदा तीन तास घेऊन गेलं होतं. परवा तेवढ्याच पानाला पंचेचाळीस मिनिटं लागली, आणि 'बहुत काय लिहिणे' या पत्राच्या शेवटच्या शब्दांपर्यंत पोचले तेव्हा मी मोठ्याने वाचत होते हे नंतर कळलं.

माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा एक जमिनीचा दस्त सापडलाय, आंग्लकालीन (इंग्रजी अमदानीतल्या) वळणाचा. चौथ्या ओळीतलं गावाचं नाव लागत नाही. पहिलं अक्षर 'क' वाटतं, मध्ये घडी पडून शाई उडालीय. शनिवारी आणते, भिंग कुणीतरी आणा.