आमची वाटचाल : ९५ टक्के पाणी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला तेव्हा आमचा धंदा काय, हे शेजाऱ्यांना वासानेच कळलं. मुरबाडला माझ्या माहेरच्या गोठ्यातून गोमूत्राचे कॅन यायचे. दोन दिवस तसेच राहिले की युरियाचा अमोनिया होऊन डोळे चुरचुरायचे. आठवड्यात तक्रार आली. तेव्हापासून पहाटे धरलेलं गोमूत्र त्याच सकाळी गाळून भट्टीवर चढतं.

सुरुवात अर्कापासून केली. गोमूत्रात साधारण ९५ टक्के पाणी, अडीच टक्के युरिया, बाकी क्षार वगैरे. उकळून वाफ थंड केली की बाटलीत येतं ते पाणी, अमोनिया आणि उडून जाणारं थोडंफार. क्षार भांड्याच्या तळाशीच राहतात. लोक मात्र अर्क म्हणजे सगळं सार, असं समजून पैसे मोजतात. मी ह्यांना विचारलं, "अहो, आपण नेमकं विकतोय काय?"

"लोक मागतात ते," हे म्हणाले.

लोक मागत होते मधुमेहावरचं औषध. खोटं कशाला बोलू, पहिल्या लेबलवर आम्हीही तसं छापलं होतं. ओळखीच्या वैद्यांनी चांगलंच झापलं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. चरकसंहितेत आठ प्राण्यांची मूत्रं सांगितलीत, त्यात गोमूत्रही आहे. पण वैद्य ते वत्सनाभासारखं विष शुद्ध करायला, पुनर्नवा मंडूर हे औषध करायला वापरतात. उठसूट पेलाभर प्यायला नव्हे. सगळी लेबलं रद्दीत गेली.

आता छोट्या बाटल्या पूजासाहित्याच्या दुकानांत जातात. सुतक फिटलं की घरात शिंपडायला, श्रावणीला पंचगव्यासाठी.

खरा धंदा उभा राहिला तो नौपाड्यातल्या गच्चीवरच्या बागांमुळे. झाडांना युरिया आणि क्षारच हवे असतात, तेही दहापट पाण्यात. नुसतं ओतून मी गाळ्याबाहेरची तुळस जाळली आहे. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांमुळे घराघरात पोचलेलं जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं पातळ खत, आम्ही पिंपात करतो : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन २-२ किलो, मूठभर बांधावरची माती. दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आठवड्यात संपवायचं. म्हणून ऑर्डर आल्याशिवाय पिंप लावत नाही.

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत अजून कॅन लिफ्टमधून नेऊ देत नाहीत. गिऱ्हाईक सातव्या मजल्यावर आहे.