तारेला ओवलेल्या चिठ्ठ्या

नाशिकच्या भांडीबाजारात वडिलांनी १९७४ साली भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटलं. तांब्या-पितळेची भांडी, विक्री वजनावर, जुन्या मोडीची बदली आणि मागच्या अंगाला कल्हईची भट्टी. शाळा सुटली की मी थेट दुकानात. मोड तोलायची, मांडणीतली भांडी चिंच-मीठ लावून लख्ख करायची. घरात ओढग्रस्त होती, त्यामुळे काम कर म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढे स्टील आलं आणि घरोघरच्या पितळी घागरी माळ्यावर गेल्या. आम्ही रुखवतावर आणि पळी-पंचपात्र, ताम्हणावर तग धरला. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडाला, बाजारात पाणी शिरलं. गाळातून उपसलेली भांडी धुऊन-पुसून पुन्हा मांडणीवर लावण्यात आमचा श्रावण गेला. नंतर मात्र लोक तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला लागले आणि धंदा सावरला. गंगापूर रोडला दुसरं दुकान झालं, राहायलाही तिकडेच गेलो.

मुलांना कसली ददात उरली नाही, आणि माझी काळजी तिथून सुरू झाली. जेवलेलं ताट उचललं तर दहा रुपये, असा नियम बायकोनं आणि मी केला. आठवडाभर चालला. मग थोरली म्हणाली, "बाबा, आज मला पैसे नकोत," आणि ताट तसंच ठेवून उठली. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दहा रुपयांवाचून तिचं काहीच अडत नव्हतं. तिच्या कामावाचून कुणाचं तरी अडायला हवं होतं.

दहावीची परीक्षा झाल्यावर तिला भांड्यांवर नावं घालायच्या यंत्रावर बसवलं. हात स्थिर, अक्षर सुरेख. तिसऱ्या आठवड्यात तेराव्याला वाटायचे एक्केचाळीस तांबे आले. 'कै.' पासून 'स्मरणार्थ' पर्यंत सगळं नीट, पण अकरा तांब्यांवर तारीख चुकली. कोरलेलं अक्षर घासून जात नाही. गिऱ्हाईक बाई समोर उभ्या, डोळे भरलेले. नवे अकरा काढून देतो, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळणं मला फार जड गेलं. लेकीनं मान वर केली आणि म्हणाली, "काकू, माझं चुकलं. रात्रीपर्यंत करून देते." नऊ वाजेपर्यंत ती यंत्रावरून उठली नाही. चुकलेले तांबे मोडीत गेले. नव्या मालाच्या आणि मोडीच्या भावातला फरक तिच्या महिन्याच्या पैशांतून कापला. बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच हातानं चिठ्ठीवर मजकूर लिहून घ्यायची पद्धत लेकीनं सुरू केली. त्या चिठ्ठ्या ती तारेला ओवून ठेवायची.

या मे महिन्यात यंत्रावर धाकटा बसतोय. तो तेरा वर्षांचा आहे. चौदाच्या आतल्या मुलानं घरच्या धंद्यात फक्त सुट्टीत किंवा शाळेनंतर, तेही बिनधोक्याच्या कामात हात लावावा, असा कायदा आहे. त्यामुळे भट्टी आणि कल्हईला लागणाऱ्या नवसागराच्या धुराकडे त्याला फिरकू देत नाही. थोरली पुण्याहून सुट्टीला आली, तारेवरच्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या आणि एक त्याच्यापुढे धरली. "यावर सही कुठाय?"

तो चिठ्ठी घेऊन गिऱ्हाइकामागे धावला.